हॉर्नची जागा डाव्या बाजूला

पेट्रोल वाचवणाऱ्या माणसाकडे पेट्रोल काही साठत नाही, किस्से मात्र पिंपानं साठतात. आमच्या नानाशेठचे तर इतके झालेत, की महाडच्या मोटार स्टँडवर नवीन किस्सा आला की जुना एक पोलादपूरला पाठवावा लागतो. जागाच नाही!

नानाशेठ म्हणजे आमचा मालक. त्याच्या दोन जुन्या टॅक्सी. एक तात्या चालवतो, एक मी. तात्या माझ्या जन्माआधीपासून स्टेअरिंगवर बसलाय आणि अजून उतरलेला नाही. पंप फक्त महाडला. पुढं पोलादपूर, मग आंबेनळी घाट, वर महाबळेश्वर. वाटेत पेट्रोलच्या जवळपास जाणारी वस्तू म्हणजे रॉकेल, आणि तेही दुकानदाराची मर्जी असेल तर. म्हणजे एकदा टाकी भरली की तिच्यावरच जायचं आणि तिच्यावरच यायचं. नानाशेठ रोज संध्याकाळी टाकीत बांबूची काठी बुडवतो, किती ओली झाली ते बघतो, आणि मग आमच्याकडे असा बघतो, जणू कमी झालेलं पेट्रोल आम्हीच प्यायलो!

तर गेल्या दिवाळीत नानाशेठनं जाहीर केलं, "नवी गाडी घेतोय. काठी जास्त ओली ठेवील, तो नवी चालवील."

तात्याला नवी गाडी हौस म्हणून पाहिजे होती. मला लग्नासाठी पाहिजे होती. घाटाच्या पायथ्याला वाडीत धोंडीमामा राहतात. घाटात मोटार अडकली की मामांची बैलजोडी ती वर ओढून काढते. त्यांची पोरगी सुशी. सुशीची हरकत नव्हती. मामांची होती.

"नव्या गाडीचा डायवर झालास तर ये," मामा म्हणाले. "खटाऱ्यावर बसनाऱ्याला मी पोरगी देत नाय."

हे ते अगदी कुजबुजत म्हणाले. मामा सगळंच कुजबुजत बोलतात. त्यांनी बैलांना भारा चढवताना ओरडून खाली बसवायची सवय लावलीय. आता मामा कुठंही, कुणावरही ओरडले, तरी बैल मटकन खाली बसतात! त्या घरात वीस वर्षांत भांडण झालेलं नाही.

*

नानाशेठचा पहिला नियम, हॉर्न वाजवायचा नाही. हॉर्नला बॅटरी लागते, बॅटरीला इंजिन लागतं, इंजिनाला पेट्रोल लागतं. "तुम्ही पों करता, तेव्हा माझं पेट्रोल वाजतं!" असं म्हणून त्यानं दोन्ही गाड्यांच्या हॉर्नच्या तारा स्वतःच्या हातानं तोडल्या.

मग वळणावर काय करायचं? तोंडानं ओरडायचं. उजवं वळण ड्रायव्हरचं. डाव्या वळणाला ड्रायव्हरला पलीकडचं दिसत नाही, म्हणून ते डाव्या सीटवर बसलेल्या पॅसेंजरचं.

आमचे एक नेहमीचे वकीलसाहेब आहेत. पहिल्याच दिवशी म्हणाले, "ड्रायव्हर, समोर म्हैस आहे. हॉर्न कुठंय तुझा?"

"तुम्ही त्याच्याच जागेवर बसलाय, साहेब."

"म्हणजे?"

"म्हणजे तुम्हीच. ओरडा!"

साहेबांनी डोकं बाहेर काढलं. "ए! रस्त्यातून तात्काळ बाजूला व्हावे, अन्यथा..." अन्यथापर्यंत म्हशीनं मडगार्ड चाटला.

"साहेब, नुसतं पों म्हणा. कलम सांगू नका."

पंधरा दिवसांत साहेबांचा गळा असा तयार झाला, की त्यांचा आवाज ऐकून एसटीसुद्धा बाजू द्यायला लागली. एके दिवशी कोर्टात व्हरांड्याच्या कोपऱ्यावरून वळताना त्यांच्या तोंडून सवयीनं निघालं, "पों!" समोरून न्यायाधीश येत होते. ते बाजूला झाले!

*

दुसरा नियम, वजन. नानाशेठनं स्टेपनी काढली, जॅक काढला, मागच्या सीटची गादी काढली. "गादी कुठं पॅसेंजर हाय? ती फुकट का फिरते?"

लग्नसराईत मुंबईचा एक नवरदेव आला. गिरणीत कामाला, डोळ्याला काळा गॉगल, डोक्याला फेटा. नानाशेठनं त्याच्याभोवती एक चक्कर मारली.

"नवरदेव, फेटा काढा."

"क्यों? माझं लगीन हाय आज!"

"लगीन पोलादपुरात हाय. रस्त्यात नाय. फेटा वाऱ्याला अडतो. आणि जेवून आलात का?"

"हो, थोडं..."

"लगीन लागल्यावर जेवायचं ना! आता ते वजन माझ्या गाडीनं वाहायचं?"

निघालो. पहिल्या चढाला सगळे उतरून ढकलायला लागले. सगळ्यात तगडा नवरदेवच, म्हणून त्याला सायलेन्सरच्या बाजूला लावला. मांडवात पोचलो तेव्हा त्याचा गॉगल सोडून सगळंच काळं झालं होतं. मुलीकडचा म्हातारा पुढं आला.

"ए क्लीनर, नवरदेव कुठं हाय रे?"

"मीच!"

"थट्टा करतोस होय?" म्हातारा माझ्याकडे वळला. "डायवर, ह्यो नवरदेव काय?"

मी नीट निरखून पाहिलं. "आत्ता काय सांगू शकत नाय. तोंड धुवू दे, मग बघतो."

त्या संध्याकाळी काठी चांगली चार बोटं जास्त ओली निघाली. तात्याची पाच!

*

तात्यापुढं माझं काही चालेना, याला कारण तिसरा नियम. ब्रेक लावायचा नाही. नानाशेठ म्हणायचा, "गाडीला वेग यायला पेट्रोल लागतं. तो वेग तुम्ही ब्रेक दाबून चुरडता. लाज वाटत नाय?"

तात्यानं हे इतकं मनावर घेतलं, की पोलादपूरच्या स्टँडवर तो थांबायचाच बंद झाला. वडाभोवती हळूहळू गोल फिरायचा, आणि पॅसेंजर हप्त्यानं उतरायचे. पहिल्या फेरीत छत्री, दुसऱ्या फेरीत पिशवी, तिसऱ्या फेरीत माणूस.

एकदा एक बाई उतरली आणि बोंबललीच, "अरे माझं पोर ऱ्हायलं आत!"

तात्या शांतपणे म्हणाला, "पुढच्या फेरीला घे गो. पळतेस कशाला?"

पुढच्या फेरीला पोर काही उतरेना. त्याला फिरायला मजा येत होती. शेवटी आईच परत आत चढली!

*

चौथा नियम, उतारावर इंजिन बंद. घाटावरून तात्या खाली यायचा तो नुसता वाऱ्याच्या आवाजानं. कावळे उडायचे नाहीत, कुत्री उठायची नाहीत.

एका वळणावर हवालदारानं हात दाखवला. तात्या ब्रेक लावणार थोडाच? गाडी आपली सावकाश निघाली होती, म्हणून हवालदार बाजूनं चालत राहिला.

"इंजिन बंद ठेवून गाडी चालवतोस?"

"मी कुठं चालवतोय, सायेब? ती आपल्या पायानं चाललीय."

"मग तू आत काय करतोस?"

"सोबत."

हवालदार थोडा वेळ तसाच चालला. मग दार उघडून आत बसला. म्हणाला, "मला पण पोलादपूरपर्यंत सोबत दे." डाव्या सीटवर बसल्यामुळे वळणं आल्यावर त्यालाच ओरडावं लागलं!

*

टायरचंही ऐका. टायर दगडासारखे कडक ठेवले की गाडी कमी पेट्रोलमध्ये लांब पळते, हा पाचवा नियम. पळते खरी, पण आतली गादी काढलेली! हिरकणीवाडीची एक आजी मडकंभर दही घेऊन महाडच्या बाजाराला निघाली. मांडीवरच धरून बसली होती बिचारी. उतरून फडकं सोडून बघते तर वर लोणी, खाली ताक.

"मेल्यांनो, माझ्या दह्याचं काय केलंत?"

नानाशेठ धावत आला. मला वाटलं, आता हात जोडतो. तो मडक्यात वाकून म्हणाला, "आजी, घुसळायची मेहनत माझ्या टायरांची हाय. अर्धं लोणी ठेवून जा."

आजीनं ताक ठेवलं. नानाशेठच्या डोक्यावर.

*

नवी गाडी यायच्या आदल्या आठवड्यात नानाशेठनं शेवटची परीक्षा लावली. दोघांच्या टाक्या काठोकाठ भरल्या. महाबळेश्वरला जायचं, यायचं, आणि मग काठी.

तात्या उतारावर देव आहे. पण चढाला त्यालाही इंजिन लागतं. मी चढावरच बाजी मारायचं ठरवलं आणि आधी वाडीवर गेलो.

"मामा, बैल पाहिजेत. गाडी बंद ठेवून वर न्यायचीय."

मामा विचारात पडले. मग कुजबुजले, "म्हंजे गाडी बैल वढनार, नवी गाडी तुला मिळनार, आन पोरगी मी द्यायची. मग पोरगी बैलांनाच दिलेली काय वाईट?"

सुशी वैरण टाकत होती. तिकडूनच म्हणाली, "बैलांनी विचारलं नाय, बाबा. ह्यांनी विचारलंय. द्या बैल."

बैल मिळाले. मामा बॉनेटवर कासरा धरून बसले, मी स्टेअरिंगवर. अर्धा घाट चढलो. मागून तात्याची गाडी धापा टाकत आली, पुढं गेली, आणि तात्यानं माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी कुणाच्या तरी वरातीतून वाट चुकून आलोय.

आणि वरच्या वळणावर नानाशेठ उभा! येताना उतारावर आम्ही ब्रेक लावतो का, ते बघायला सकाळच्या एसटीनं येऊन बसला होता. संपलंच म्हटलं सगळं. नवी गाडी गेली, सुशी गेली, जुनी गाडीसुद्धा गेली!

नानाशेठ पुढं आला. बैलांभोवती एक चक्कर मारली. तीच, नवरदेवाभोवती मारली होती तशी.

"ह्यांना काय लागतं?" त्यानं मामांना विचारलं.

"पेंढा," मामा कुजबुजले.

"बॅटरी?"

"नाय."

"उतारावर?"

"मागं बांधायचे. मागं वढून धरतात. ब्रेक लागत नाय."

नानाशेठनं टोपी काढली. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं!

*

नवी गाडी आली. काळी कुळकुळीत, आत गादीसकट. नानाशेठनं नारळ फोडला, पेढे वाटले, आणि सगळ्या स्टँडसमोर ड्रायव्हरचं नाव जाहीर केलं.

धोंडीमामा!

तात्या मटकन पायरीवर बसला. मी नानाशेठच्या पुढ्यात उभा राहिलो. "शेठ, मामांना मोटार येत नाय!"

"बैल येतात ना? बाकीचं मोटारीला येतं."

"आणि मी?"

"तू डाव्या बाजूला. हॉर्नची जागा रिकामी हाय."

पहिली फेरी घाटातच होती. पुढं बैल, स्टेअरिंगवर मामा, कासरा काचेतून आत घेतलेला. डाव्या बाजूला मी. मागं नव्या गादीवर पेंढ्याचा भारा आणि भाऱ्याशेजारी सुशी.

"मामा," मी म्हटलं, "तेवढं लग्नाचं..."

मामा स्टेअरिंगवर ताठ बसले होते. "पोरीचा बाप आता नव्या गाडीचा डायवर हाय," ते कुजबुजले. "डायवरची पोर हॉर्नला दिली, तर लोक काय म्हनतील?"

एवढं ढकलून, ओरडून, तोंड काळं करून शेवटी मी हॉर्न!

तेवढ्यात वरच्या रस्त्यावर तात्याची गाडी दिसली. इंजिन बंद. आवाज नाही. ब्रेक तर नाहीच. खाली यायला लागली होती, आणि आमच्यापुढं आंधळं वळण. डावं.

"ओरड," मामा कुजबुजले.

मी तोंड उघडलं. मागून पेंढ्याच्या भाऱ्याआडून सुशी म्हणाली, "आता गप्प बसा."

मी तोंड मिटलं.

"अरे ओरड ना!"

"लग्नाचं काय, मामा?"

"वळन आलं रे!"

"वळण दिसतंय. लग्न दिसत नाय."

"बाबा," सुशी म्हणाली, "तुम्हीच ओरडा की."

"मी वरडलो तर बैल बसतील ना गो!"

टायरांची सळसळ ऐकू यायला लागली. मामांच्या कपाळावर घाम आला. "दिली," ते कुजबुजले.

"ऐकू नाय आलं."

"दिली! पोरगी दिली! दिली रे मेल्या, दिली!"

सगळा घाट दुमदुमला. बैल रस्त्याच्या मधोमध मटकन खाली बसले.

मी जिवाच्या आकांतानं ओरडलो, "पोंऽऽऽ!"

वळणावरून तात्याची गाडी आली, आणि बैलांच्या शिंगांपासून हातभर अंतरावर उभी राहिली. तात्यानं ब्रेक दाबला होता! तो स्वतःच्या पायाकडे असा बघत होता, जणू पाय दुसऱ्याचाच आहे.

"नानाशेठला काय सांगू रे आता?" तो रडवेला होऊन म्हणाला.

त्याच्या डाव्या सीटवरून वकीलसाहेबांनी डोकं बाहेर काढलं. आधी मामांकडे पाहिलं, मग सुशीकडे, मग माझ्याकडे. काळा कोट सारखा केला.

"सांग, साखरपुडा होता," ते म्हणाले. "साक्षीला मी आहे. पों!"