शिकाऊ गाडीतले थरथरते पाय

बावीस वर्षं लोकांना गाडी शिकवल्यावर माणसाचं माणसांविषयीचं मत फारसं चांगलं राहत नाही. बाईंचं राहिलं होतं, कारण त्या कुणाच्या तोंडाकडे पाहतच नसत. त्या पायावरून माणूस ओळखत. शिकाऊ गाडीत शिकवणाऱ्याच्या पायाशीही एक ब्रेक असतो आणि तो एका दांडीने शिकणाऱ्याच्या ब्रेकला जोडलेला असतो; तिकडे पाऊल पडलं की इकडचा ब्रेकही खाली जातो. बाई चप्पल काढून त्या पॅडलवर पाय टेकवून बसत आणि नाडी पाहणाऱ्या वैद्यासारखं, नजर रस्त्यावर ठेवून, निदान सांगत. "झोप झालेली नाही तुमची." "घरी भांडून निघालात ना?" लग्न ठरलेल्या एका तरुणाला त्यांनी "हे लग्न तुमच्या मनात नाही" असंही सांगून टाकलं होतं. त्याने लग्न केलं ते केलंच, पण दोन वर्षांनी मुद्दाम भेटून बाईंचं बरोबर होतं हे कळवलं.

स्वतः बाई मात्र ब्रेक वापरायचा कंटाळा करत. ब्रेक मारावा लागणं म्हणजे पुढचं आपल्याला दिसलं नव्हतं याची भर रस्त्यात दिलेली कबुली, असं त्यांचं मत होतं. त्या लांबूनच वेग उतरवत, गिअर खाली आणत, आणि गाडी सिग्नलपाशी आपणहून दमल्यासारखी थांबे. शेवटी पॅडलला पाऊल लावत तेही फुंकर घातल्यासारखं.

अशा या बाईंना त्या वर्षी असा शोध लागला, की गावात पायांची साथ आली आहे. ओळीने पाच विद्यार्थी असे आले, की जोरात ब्रेक दाबला रे दाबला की यांचा पाय थरथरायला लागलाच. एक बँकेतला कारकून होता. एक धावण्याच्या शर्यतीत बक्षिसं मिळवणारी मुलगी होती. एक तर दातांचे डॉक्टर होते. त्यांच्या पायाची थरथर जाणवल्यावर बाईंनी आपली दाढ दुसरीकडे दाखवायचं ठरवलं. सगळ्यांना त्यांनी जिन्याच्या पायरीवर चवड्यांवर उभं राहण्याचा व्यायाम सांगितला. सगळ्यांनी तो केला. पाय थरथरतच राहिले.

पाचव्या होत्या टेलरकाकू. वय एकसष्ट. चाळीस वर्षं पायाच्या मशीनवर लोकांचे कपडे शिवलेल्या. काकांची नजर अधू झाली, त्यांचं गाडी चालवणं डॉक्टरांनी बंद केलं आणि गाडी अंगणात कापडाखाली जाऊन बसली. लेक पन्नास किलोमीटरवर राहत होती. तेव्हा काकूंनी ठरवलं, की आपणच शिकायचं. तिसऱ्या आठवड्यात बाईंनी त्यांना सांगितलं, "काकू, पाय थरथरतोय तुमचा. वयाचं आहे ते. मनाला लावून घेऊ नका."

"थरथरतोय?" काकूंनी एवढंच विचारलं. दुसऱ्या दिवसापासून त्या आल्या नाहीत.

आठवड्याने काकाच आले, भिंतीला हात लावत. "ती येणार नाही आता," म्हणाले.

"असं कसं? व्यायाम करा म्हणावं."

"तिच्या आईला कंपवात होता, बाई. पायापासूनच सुरू झाला होता. तुम्ही सांगितलंत त्या संध्याकाळी हिने मशीनवर झाकण घातलं. एकीचा कोट अर्धा शिवून पडलाय. माझ्या शर्टाचं बटणही मलाच लावावं लागलं, हे बघा." बटण काजापासून बोटभर खाली होतं.

"डॉक्टरांना दाखवलंत?"

"नको म्हणते. गेलं की त्याला नाव मिळेल, म्हणते."

काका गेल्यावर बाई बराच वेळ उभ्या गाडीत बसून राहिल्या. नाडीपरीक्षेत चूक होऊ शकते हा विचार त्यांच्या मनाला पूर्वी कधी शिवला नव्हता, त्यामुळे तो कुठे ठेवावा हे त्यांना कळेना. चाळीस वर्षं ज्या पायाने शिवण एका रेषेत धावली, तो एका महिन्यात थरथरायला कसा लागेल? त्यांनी गाडी गावाबाहेरच्या मोकळ्या रस्त्याला नेली, साठचा वेग घेतला आणि कित्येक वर्षांत मारला नव्हता असा कचकून ब्रेक मारला.

पॅडलने त्यांच्या तळव्याला धडाधड ठोसे दिले. स्टिअरिंग हातात थरथरलं.

"मलाही?" बाई मोठ्याने म्हणाल्या. मग त्यांनी हळू वेगात, जपून, डाव्या पायाने ब्रेक दाबून पाहिला. तेच. दोन्ही पाय एकाच दिवशी म्हातारे होत नाहीत, एवढं शरीरशास्त्र त्यांना येत होतं. तिथून त्या थेट धाकट्या भावाच्या गॅरेजवर गेल्या.

भाऊ चाकाला हात लावण्याआधी प्रश्न विचारणारा मेकॅनिक होता. "नुसती चालवताना हलते, की ब्रेक मारल्यावरच?"

"ब्रेक मारल्यावरच."

"हादरा हातात येतो की बुडाखाली?"

"नीट बोल. हातात."

"मग पुढची चाकं." खात्रीसाठी त्याने ताईला शेजारी बसवून एक फेरी मारली आणि चालत्या गाडीत हँडब्रेक हळूहळू ओढला. तो मागच्या चाकांना धरतो. गाडी निमूट थांबली. मागे काही नव्हतं. परत येऊन त्याने पुढचं चाक काढलं, ब्रेकच्या गोल लोखंडी तबकडीला घड्याळासारखं एक मापक टेकवलं आणि तबकडी हाताने फिरवली. ती सरळ असेल तर काटा जागेवर राहतो. इथे काटा दर फेऱ्याला उडी मारून येत होता.

"ताई, आयुष्यभर लोकांना नाचता येईना अंगण वाकडं म्हणालीस. या खेपेला अंगणच वाकडं निघालं."

"वाकडं झालं कशाने?"

भावाने तबकडी उतरवली. जिथे ती बसते त्या जागेवर गंजाचा पापुद्रा होता. तबकडी त्यावर केसभर तिरकी बसली होती, दर फेऱ्याला एकाच जागी घासली जात होती, आणि महिनोन्‌महिने घासून कुठे जाड, कुठे पातळ झाली होती. जाड भाग आला की ब्रेक ढकलला जाई, पातळ आला की सैल पडे. तीच थरथर.

"गंज घासून मग तबकडी बसवायची असते," भाऊ म्हणाला.

"मग कुणी बसवली अशी? कुठला गाढव?"

"पाच महिन्यांपूर्वी. मीच."

बाईंनी उतरवलेल्या तबकडीकडे बोट केलं. मग म्हणाल्या, "होती तशी बसव परत."

"काय?"

"जशी बिघडली होती तशी. मला काकूंना आणायचंय."

"ताई, लोक माझ्याकडे गाडी दुरुस्त करायला आणतात!"

"म्हणून तर तुला जमेल. चुकीची बसवायची सवय आहे तुला."

दोन गल्ल्या, सावकाश, या बोलीवर त्याने ती बसवून दिली. बाईंनी काकूंना दारातून अक्षरशः उचलून आणलं आणि आपल्या जागी, शिकवणाऱ्याच्या सीटवर बसवलं. "चप्पल काढा. पाय त्या पॅडलवर ठेवा. दाबू नका, नुसता ठेवा." गल्लीच्या टोकाला बाईंनी ब्रेक मारला.

काकूंनी पाय दचकून मागे घेतला. मग बाईंकडे पाहिलं, आणि त्यांचे डोळे भरून आले. "बाई, तुम्हालाही झालंय? किती दिवस झाले?"

हे बाईंच्या हिशेबात नव्हतं. "काकू, हा माझा पाय नाही. तुमचाही नव्हता. गाडीचा आहे. मला ओळखता आला नाही. चुकलं माझं."

"मला बरं वाटावं म्हणून म्हणताय तुम्ही."

बाईंनी पुढे समजावलं नाही. त्यात त्यांचा हात बसलेला नव्हता. गाडी गॅरेजवर नेली. भावाने चाक काढलं, मापक लावलं, तबकडी फिरवली. काकू चष्मा पुसून वाकल्या. काटा उडाला, बसला, उडाला. "थांबा, मी फिरवते," त्या म्हणाल्या. चाळीस वर्षं चाक फिरवलेल्या हाताने त्यांनी ती तबकडी चार वेळा सावकाश फिरवली. काटा दर वेळी त्याच जागी उडाला.

"मशीनचं चाक वाकडं झालं की टाके असेच उड्या मारतात," काकू हळूच म्हणाल्या. मग मान वर करून, "हे घासून बसवायचं नसतं का?"

"असतं, काकू," भाऊ म्हणाला.

"पोरी शिकायला येतात माझ्याकडे. पहिल्याच दिवशी सांगते, आधी साफ करा."

भावाने तारेच्या ब्रशने गंज पार निघेपर्यंत घासला. दोन्ही तबकड्या लेथवर नेऊन सारख्या करून आणल्या आणि चाकाचे नट समोरासमोरचे, थोडे थोडे करत आवळले. मापक शेवटचं लावलं तेव्हा तीन डोकी एकावर एक वाकली होती. काटा हलला नाही. काकूंनी या तबकडीलाही चार फेरे दिले.

मग त्या चालवायला बसल्या. मोकळ्या रस्त्यावर बाई म्हणाल्या, "दाबा." काकूंनी दाबला. गाडी थांबली, एवढंच.

"पुन्हा?" काकूंनी विचारलं.

पाच वेळा झालं. सहाव्या वेळी इंजिन धाडकन बंद पडलं. "क्लच!" बाई ओरडल्या. "क्लच कोण दाबणार, काका?" काकूंना इतकं हसू आलं की गाडी सुरू करायलाच वेळ लागला.

घराकडे काकूंनीच आणली. काका फाटकाशी उभे होते. गाडीचा आवाज ओळखून ते चाचपडत चालकाच्या खिडकीशी आले आणि आत वाकून म्हणाले, "बाई, तुमचे फार उपकार झाले. काय म्हणाली ती? मानलं का तिने?"

"मागे सरा," आतून काकू म्हणाल्या. "गाडी लावायचीय मला."