गप्पबाईंची तीन मिनिटं

आमच्या दवाखान्यातल्या नर्सबाईंना सगळे गप्पबाई म्हणतात. तोंडावर नाही, माघारी. पण त्यांना ते ठाऊक आहे आणि त्याचा रागही नाही. तान्ह्या बाळाचं चित्रण सुरू केलं की त्या ओठांवर बोट ठेवतात आणि खोलीतल्या प्रत्येकानं तीन मिनिटं तोंड मिटून बसायचं. आई असो, आजी असो, नाहीतर मोठे डॉक्टर असोत. माझं म्हणाल तर मी घटकाभर बोललो नाही की बायको कपाळाला हात लावून ताप बघते. तेव्हा बाईंची आणि माझी गाठ कशी पडली असेल, ते तुम्हीच ताडा.

आधी बाईंचं सांगतो. बावीस वर्षं त्या लस टोचण्याच्या टेबलाशी होत्या. दवाखाना दोन खोल्यांचा. त्यातली एक अशी की दार पूर्ण उघडायचं तर आधी वजनकाटा सरकवावा लागतो. बाईंना बघितलं की अख्ख्या भागातली मुलं भोकाड पसरायची. बाजारात भेटल्या तरी एखादं पोर आईच्या मागे दडायचं. मग बाईंची पन्नाशी जवळ आली आणि वरून पत्र आलं, की शहरातल्या इस्पितळात एक नवं शिक्षण आहे. बाळाच्या हालचाली नुसत्या बघून पुढचा धोका ओळखायचा. कोणी येईल का? तरुण नर्सनी काखा वर केल्या. बाई गेल्या. शेकडो बाळांची चित्रणं बघून परीक्षा द्यायची होती. पहिल्या खेपेला नापास झाल्या.

"पन्नाशीत नापास व्हायची मजाच वेगळी हो, आजोबा," त्या सांगतात. "ओरडायला आईबाप उरलेले नसतात."

दुसऱ्या खेपेला पास झाल्या. सामान काय, तर एक निळी चादर आणि काचेला तडा गेलेला फोन, तोही झाडूच्या दांड्याला फडक्यानं बांधलेला. एवढ्यावर काम चालतं. एकच अडचण, बाळ रडलं की चित्रण वाया. म्हणजे बावीस वर्षं ज्यांना रडवलं, त्यांना आता शांत ठेवायचं, हीच नोकरी!

आता आमची टिंगी. माझी नात. दोन महिने आधीच जन्मली. मी सुतार माणूस, मला वजन हातात कळतं. पोर माझ्या मोठ्या रंध्याहून हलकी होती. तीन आठवडे काचेच्या पेटीत राहिली. घरी आली ती इतकी शांत, की येईल तो म्हणायचा, "काय गुणी बाळ! ठेवलं तिथं राहतं." मीही हरखून चारचौघांत सांगायचो. आम्ही ज्याला गुण म्हणत होतो, ते ऐकून बाईंच्या कपाळाला मात्र आठी पडली.

टिंगी पाच महिन्यांची झाली तेव्हा बाईंनी बोलावलं. मी म्हटलं, "बाई, तुम्ही तिसऱ्या-चौथ्या महिन्यात बघता ना? आमची तर पाचाची झाली."

"तिचं वय ती आली त्या दिवसापासून नाही मोजायचं. यायची होती त्या दिवसापासून मोजायचं."

हे मला लगेच पटलं. पाहुणा दोन तास आधी टपकला म्हणून भात लवकर शिजत नाही.

मग त्यांनी सांगितलं, की या वयात बाळ जागं आणि खुशीत असलं की त्याच्या मानेत, मनगटांत, घोट्यांत सतत एक बारीक हालचाल चालू असते. पाणी उकळायच्या आधी पातेल्याच्या तळाशी बुडबुडे थरथरतात ना, तशी. ती नसली तर पुढे हातपाय आखडण्याचा धोका मोठा. लवकर कळलं तर लवकर कामाला लागता येतं. "पण ही हालचाल थोडेच आठवडे दिसते," त्या म्हणाल्या. "नंतर निरोगी बाळाचीही थांबते. मग मला काही सांगता येत नाही."

दवाखान्यात आम्ही दोनदा गेलो. एकदा टिंगी झोपली, एकदा रडून हैराण केलं. यात महिना गेला. आमचं घर टेकडीपलीकडे, दोन गाड्या बदलाव्या लागतात. शेवटी बाई म्हणाल्या, "घरीच फोनवर काढा आणि पाठवा. पोट भरलेलं, हातपाय उघडे, पाठीवर निजवलेली. खेळणं नको, बोलणं नको, कोणी जवळ नको."

सून दूध पाजून धुणं धुवायला गेली आणि कामगिरी माझ्याकडे आली. मी फोन धरला. टिंगी छताकडे बघत पडलेली, जशी नेहमी पडते तशी. म्हटलं, हे असं पाठवलं तर पोरीवर शिक्का बसेल. मी बायकोला खूण केली. ती पायाशी, चित्रात दिसणार नाही अशी उभी राहिली आणि लाल ओढणी हलवू लागली. टिंगी खुलली, उजवा पाय झाडला, हसली. मी तीन मिनिटं चकार शब्द काढला नाही, एवढा नियम पाळला!

दुसऱ्याच दिवशी बाईंचा फोन. "आजोबा, पायाशी कोण होतं?"

"कोणी नाही हो."

"मग बाळ तीन मिनिटं एकाच जागी डोळे लावून कोणाकडे हसतंय? भिंतीकडे?"

बायको मागून कुजबुजली, "मी सांगत होते ना!" सांगत कसली होती, ओढणी तिचीच.

बाई म्हणाल्या, "शाळेच्या खिडकीतून पोरांना कॉपी पुरवणारे बाप बघितलेत मी. दुपट्यातल्या बाळाला कॉपी पुरवणारे तुम्हीच पहिले."

मग मी खरं बोललो. "बाई, काही निघालं तर?"

"निघालं तर ते आजही आहेच, आजोबा. आपण न बघितल्यानं जाणार नाही. आणि माझ्या हातात आता एकच आठवडा आहे."

त्यांच्या सुट्टीच्या दिवशी त्या स्वतः आल्या, दोन गाड्या बदलून, काखेत निळी चादर आणि हातात तो दांडा. चहासुद्धा नंतर म्हणाल्या. सुनेनं टिंगीला निजवलं. आम्ही सगळे भिंतीला पाठ लावून उभे. अशी तीन मिनिटं मी आयुष्यात काढली नाहीत. नेहमी पोरीच्या हसण्याकडे बघायचो, त्या दिवशी पहिल्यांदा हातापायांकडे बघितलं. उजवा हात उघडमीट करत होता. डावी मूठ बंद, ती बंदच.

बाईंनी चित्रण दोनदा बघितलं, आवाज बंद करून. मग सुनेच्या शेजारी खाली बसल्या. "मला ती बारीक हालचाल दिसत नाही. पण मी एकटी ठरवत नाही. शहरातल्या डॉक्टरीणबाईही बघतील."

सुनेनं विचारलं, "माझं काही चुकलं का?"

"काही नाही. आणि आता जे करायचंय ते तूच उत्तम करशील."

डॉक्टरीणबाईंनी चित्रण बघितलं, टिंगीलाही तपासलं. डावी बाजू अशक्त राहण्याचा धोका निघाला. बाई दर आठवड्याला व्यायाम दाखवायच्या. खेळणं डावीकडे धरायचं, हाक डावीकडून मारायची आणि रोज अर्धा तास चांगल्या हातावर मोजा चढवायचा, म्हणजे अडलेल्या हाताला काम करावंच लागेल. मला ते क्रूर वाटायचं. एकदा बायको तो मोजा हळूच काढताना सापडली. मी म्हटलं, "ए, कॉपी नाही!" ती म्हणाली, "शिकवणारा बघा कोण!" मी टिंगीला बसायला कोपऱ्याची खुर्ची केली, म्हणजे दोन फळ्या काटकोनात जोडून पाठीला दोन्हीकडून आधार देणारी, बाईंनी दिलेल्या मापानं. पहिल्या खुर्चीला मी हौसेनं मऊ गादी ठोकली, तर बाईंनी ती उचकटायला लावली. "राजसिंहासन नकोय आजोबा, पाठ ताठ हवीय."

मी वयानं मोठा, पण बाईंपुढे मनातून वाकतो. त्यांनी नातीला बरी केली असं मी म्हणणार नाही; त्या स्वतःच म्हणू देत नाहीत. टिंगी आज अडीच वर्षांची आहे. डाव्या पायाला आधाराची पट्टी लावून चालते, पाय थोडा ओढते. पण सहा घरं सोडून एक मुलगा आहे, त्याचं असलंच दुखणं तो दोन वर्षांचा झाल्यावर कळलं. त्याची आई आमच्या अंगणात बसून टिंगीला बघते तेव्हा मला गप्प बसावंसं वाटतं, आणि बसतोही. त्या एका आठवड्याची किंमत मला तिथं कळते. आता त्या मुलालाही बाईंकडे नेतात. उशीर झाला म्हणून बाई त्याला परत पाठवत नाहीत.

गेल्या आठवड्याचीच गोष्ट. दुपारी बायकोचा डोळा लागलेला. टिंगीनं तिची बटणांची बरणी खाली ओढली, डाव्या हातानं छातीशी कवटाळली आणि उजव्या हातानं झाकण उपटलं. तीन-चारशे बटणं खोलीभर! बायको उठली ती ओरडतच, "अहो, बघा तुमच्या नातीनं काय केलं!" सून धावत आली, टिंगीच्या तोंडात बटण नाही ना ते बोट घालून बघितलं आणि तिथंच मटकन बसून हसायला लागली, डोळ्यांत पाणी. मी खाटेखाली शिरून बटणं वेचू लागलो. सुनेनं बाईंना फोन लावला, माझ्याकडे सरकवला.

"आजोबा, नीट सांगा," बाईंचा आवाज आला. "बरणी कोणत्या हातानं धरली होती?"

"डाव्या!" मी खाटेखालून ओरडलो. घाईत डोकं वर आपटलं, पण ते महत्त्वाचं नाही. "डाव्या हातानं, बाई! आणि सोडत नाहीये!"