आण्णांची कपड्यांची पिशवी

आमचं शेत भोर तालुक्यात, डोंगराच्या उताराला, जंगलाला लागून. भात निसवलं की रानडुकरं उतरायची आणि वर्षाचं खाणं तुडवून जायची. मग उन्हाळा आम्ही आंबिलीवर काढायचो. आजोबांकडे ठासणीची बंदूक होती, पीक राखायच्या परवान्याची. तिचा बार ऐकला की डुकरं पळत.

आजोबा गेले. जमीन वारसानं नावावर झाली तसा परवानाही झाला, असं आण्णा, माझे वडील, धरून चालले. घरात कागद वाचता येणारी मी एकटी. पण मी भोरला कॉलेजात, आणि मलाही सुचलं नाही.

दसऱ्याला नांगर-कोयत्याबरोबर आम्ही बंदूकही पुजायचो. त्या वर्षी मी तिला झेंडू वाहिला, फोटो काढला आणि मोबाईलच्या स्टेटसला टाकला. तिसऱ्या दिवशी दारात पोलिसांची गाडी.

"बंदूक कुणाची?"

"माजीच की," आण्णा म्हणाले.

परवाना अजून आजोबांच्याच नावावर, म्हणजे बंदूक विनापरवाना. आण्णांवर गुन्हा दाखल झाला, जामीन झाला, तारखा सुरू झाल्या. वकीलसाहेबांनी आधीच सांगितलं होतं, शाबीत झालं तर तुरुंग. पहिल्या तारखेला आण्णांच्या हातात पिशवी दिसली. आत दोन सदरे, एक टॉवेल.

"हे कशाला?"

"थेट आत नेलं तर? लोकांचे कपडे घालू व्हय?"

नंतर प्रत्येक तारखेला ती पिशवी आलीच. तिच्याकडे बघितलं की मला तो झेंडू आठवायचा.

आरोपपत्राची नक्कल मी घरी आणली आणि पानन् पान वाचलं. कॉलेजच्या वाचनालयात कायद्याचं पुस्तक मिळालं. विनापरवाना बंदुकीचा खटला चालवायला जिल्हाधिकाऱ्यांची आधी मंजुरी लागते, असं त्यात होतं. आमच्या कागदांत ती कुठेच नव्हती.

वकीलसाहेबांनी दोनदा कागद चाळले. "ताई, वकील मी का तुम्ही?" मग आवाज उतरवून म्हणाले, "आता कुठं बोलायचं नाही. आज बोललो तर उद्या ते मंजुरी आणतील. शेवटच्या युक्तिवादातच काढू. आणि वडिलांना तर अजिबात सांगू नका."

ते पटलं. आण्णा न्यायाधीशसाहेबांसमोर पटकन बोलून गेले असते.

पुढची दीड वर्षं मी गप्प बसले. सरकारी वकील फाइल उलटायला लागले की मला वाटायचं: आता दिसेल, आता मागवतील. शेजारी आण्णा पिशवी मांडीवर घेऊन बसलेले. त्यांची भीती एका वाक्यात मिटवता आली असती. ते वाक्य मी गिळत राहिले.

युक्तिवादाच्या दिवशी आमचे वकील उठले. "मंजुरीचा कागद दाखवावा." न्यायाधीशांनी फाइल मागून पुढे, पुढून मागे बघितली. सरकारी वकिलांकडेही तो नव्हता. निकाल पुढच्या तारखेला लागला.

निकाल ऐकून सुटल्यावर, परतीच्या एसटीत मी आण्णांना सगळं सांगितलं.

"आन् मला सांगितलं न्हाईस?"

"तुम्ही साहेबांना सांगून टाकलं असतं."

"व्हय," ते म्हणाले. "सांगितलं असतं." आणि पिशवीतल्या टॉवेलनं तोंड पुसलं.

बंदूक सरकारजमा झाली. डुकरांसाठी आता आम्ही पत्र्याचे डबे वाजवतो. त्याच वर्षी मी बी.ए. झाले, आमच्या घरातली पहिली. आण्णा निर्दोष सुटले, आणि तो नसलेला कागद मी शोधला होता.