यादीतलं शेवटचं नाव

कूलर दुरुस्तीच्या एका दुकानात मी फोनवर बसते. नागपुरात मार्च सरत आला की लोकांना आधी कूलर आठवतो आणि मग आम्ही, तेही सगळ्यांना एकाच दिवशी. कुणाला कूलरच्या जाळीतलं गवत बदलायचं असतं, कुणाचा पंप पाणी चढवत नाही, आणि प्रत्येकाला मिस्त्री आत्ताच्या आत्ता पाहिजे असतो. सहा मिस्त्री, एक वही आणि माझा चढा आवाज यावर आमचा धंदा कितीतरी वर्षं चालला.

मग मालकांनी अ‍ॅप घेतलं. ते बसवायचं काम माझ्याकडे आलं आणि मी हुरळून गेले, खोटं कशाला बोलू. चार रविवार घरच्यांची बोलणी खात मी ते जमवलं. कम्प्लेंट आली की ती जवळच्या मिस्त्रीच्या मोबाइलवर जायची. काम झालं की त्याने बटण दाबायचं आणि माझ्या पडद्यावर त्याच्या नावापुढे हिरवी खूण उमटायची. संध्याकाळी कुणाच्या किती खुणा झाल्या त्याची यादी आपोआप तयार. मालकांचा तर त्या यादीवर जीवच जडला. पावसाळ्यात कुणी कूलर लावत नाही, तेव्हा सहा माणसं ठेवणं त्यांना जड जायचंच. मे महिन्यात एका दुपारी यादीवर बोट ठेवून ते म्हणाले, "यंदा पाऊस लागला की पाचच ठेवू. जो खाली आहे त्याले सांगून देऊ."

यादीत सगळ्यात खाली काका होते. आमच्यातले सगळ्यात जुने मिस्त्री, साठीला टेकलेले, सगळे त्यांना काकाच म्हणतात. मी नोकरीला लागले त्या उन्हाळ्यात एका गिऱ्हाइकाने फोनवर मला घाणेरडी शिवी दिली होती. मी रडवेली झाले, तेव्हा काकांनी माझ्या हातातून फोन घेतला, "तुमच्या घरी पोरगी नाही काय?" एवढंच विचारलं आणि ठेवून दिला. असा माणूस, आणि त्याच्या दिवसाच्या खुणा बाकीच्यांच्या निम्म्या. मला त्यांचा रागच आला. जरा हात चालवायला काय होतं या माणसाला! पण मालकांना म्हटलं, "एक दिवस द्या. यांचा वेळ कुठं जाते ते मी संग फिरून पाहते."

दुसऱ्या दिवशी सकाळी आठला मी काकांच्या स्कूटरवर मागे बसले. अ‍ॅपने इतवारी बाजारातलं भांड्यांचं दुकान दुपारी बाराला लावलं होतं. काका आधी तिथेच निघाले. मी हटकलं, तर म्हणाले, "बारा वाजता इतवारीच्या हातगाड्यांतून तुझं अ‍ॅप जाईल वं, माझी गाडी नाही जात." कळमन्याच्या बाजारातल्या आडत्याकडे ते लिलाव आटोपल्यावरच गेले, कारण लिलाव चालू असताना तो सख्ख्या बायकोचाही फोन उचलत नाही म्हणे. हे सगळं त्यांच्या डोक्यात होतं आणि माझ्या अ‍ॅपमध्ये त्यातलं काहीच नव्हतं. मी मनातल्या मनात जरा ओशाळले, पण कबूल करायची माझी तयारी नव्हती.

कारण वेळ जात होता तो मला दिसलाच. गवत बसवून, पंप चालू करून झालं की काका स्टूल ओढून चक्क बसायचे. बटण दाबायला हात पुढे जायचा नाही. भांड्यांच्या दुकानात मी घड्याळाकडे पाहत उभी, आणि हे त्या दुकानदाराच्या चहाला हो म्हणून मोकळे.

"झालं नं काका, चला की."

"बस वं जराशी. पाणी खालपर्यंत उतरू दे." मग उठून त्यांनी गवताच्या खालच्या दोन्ही कोपऱ्यांना तळहात लावून पाहिला. एक कोपरा कोरडा निघाला. गवतावर पाणी सोडणारी वरची पन्हळ खोलून त्यांनी बुजलेली दोन भोकं तारेने साफ केली आणि पुन्हा बसले. "इथं कोरडं राहिलं का गरम हवा फेकते. मंग लोक म्हणते, कूलर खराब आहे."

दुपारी आम्ही शहराच्या टोकाला वाडीला पोचलो. ट्रकवर जाणाऱ्या एका ड्रायव्हरची भाड्याची खोली, दारात त्याची बायको कमरेवर लेकरू घेऊन उभी. आम्हाला पाहताच ती कडाडली, "तुमचा माणूस दोनदा येऊन गेला. वरचं गवत भिजते, खालचं नाही. लेकराच्या अंगावर घामोळं उठून राहिलं अन तुम्ही नुसते येता अन जाता!"

काका लगेच पन्हळ खोलायला लागले. मी मोबाइल काढून पाहिलं. आमचा सगळ्यात चपळ मिस्त्री तिथे दोनदा गेला होता आणि त्याच्या नावावर दोन हिरव्या खुणा होत्या. एकदा काम अर्धवट केल्याची एक, पुन्हा अर्धवट केल्याची दुसरी. काकांच्या गिऱ्हाइकाचा दुसरा फोनच यायचा नाही, म्हणून त्यांची एकच. प्रत्येक फेरीला एक खूण हा नियम मालकांचा नव्हता, अ‍ॅपवाल्यांचाही नव्हता. तो मी घातला होता.

परत आल्यावर मी सगळ्या खुणा पुन्हा लावल्या. त्याच कूलरसाठी परत फोन आला असेल तर पहिली खूण पुसली. यादीत काका तळातून थेट वर गेले. ती यादी छापून घेऊन मी मालकांसमोर उभी राहिले आणि सगळं सांगितलं. त्यांनी यादीवरून वरपासून खालपर्यंत बोट फिरवलं.

"म्हणजे चुकीच्या माणसाले काढून राहिलो होतो मी?"

"तुम्ही नाही, मी."

"मंग आता कोणाले काढू?"

"कोणालेच नका काढू. आपण दोन-दोन फेऱ्यांत पैसा घालवून राहिलो म्हणून माणसं जड वाटतात. पावसाळ्यात लोकांच्या पाण्याच्या मोटारी बिघडतात, ते काम घेऊ. काका बाकीच्यांले शिकवतील." मालकांनी डोकं खाजवलं, पण "बरं, राहू दे सहाही," म्हणत ती यादी घडी घालून खिशात टाकली.

काका दुकानाबाहेर नळावर हात धूत होते. मी जाऊन म्हटलं, "काका, माझ्या चुकीनं तुमची नोकरी जात होती."

"मले मालूम होतं."

"काय मालूम होतं?"

"एका कूलरच्या दोन खुणा पडते म्हणून. हे बाकीचे मिस्त्री माझ्यासमोरच हसून सांगत. महिना झाला असंल."

मी इतकी संतापले की रस्त्यावरची माणसं वळून पाहायला लागली. "मंग मले सांगितलं काहून नाही?"

"कसं सांगू? रोज सकाळी ते उघडून तू किती खूश राह्यते वं. पोरीनं आपल्या डोक्यानं पहिल्यांदा काही उभं केलं, अन मीच जाऊन म्हणू काय, का हे चुकलं?"

मी तिथेच पायरीवर बसून रडले. काका ओले हात पँटला पुसत उभे राहिले. "रडून काय राहिली," ते म्हणाले, "अजून दोन कम्प्लेंटा बाकी आहे नं? पाठव माझ्या मोबाइलवर."