गुप्त्यांची दोन बोटं

अंबरनाथच्या एका कारखान्यात दिनानाथ गुप्त्यांनी टूलरूममध्ये सव्वीस वर्षं काढली होती, आणि तेवढ्या वर्षांत त्यांच्या हाताला कधी साधा टाका पडला नव्हता. नव्या कामगाराला मशीनवर उभं करण्याआधी ते आपले दोन्ही पंजे त्याच्यासमोर पसरत. "मोज. दहा आहेत. आधी बोट बाहेर, मग हँडल खाली." हे वाक्य कारखान्यात इतकं मुरलं होतं की कँटीनवाला वडे तळतानाही ते म्हणायचा.

बदलापूरला मांजर्लीत त्यांचा तळमजल्यावर ब्लॉक होता. एका पावसाळ्यात नदीचं पाणी सोसायटीत शिरलं आणि त्यांची सेकंडहँड मोटार दोन दिवस पाण्यात उभी राहिली. इंजिन त्यांनी स्वतःच खोलून चालू केलं. पण दिवाळीच्या तोंडावर पुढचं डावं चाक जखडायला लागलं. जरा गाडी फिरवली की चाक तापायचं आणि करपट वास यायचा.

घाई त्यांच्या बायकोला होती. उमाबाई शाळेत शिकवत. पन्नाशीला टेकल्यावर त्यांनी हट्टानं गाडी शिकून घेतली होती आणि लायसन्स नुकतंच हातात पडलं होतं.

"अहो, गॅरेजला दाखवू या ना."

"मी गॅरेजला गेलो तर टूलरूममध्ये तोंड कसं दाखवू?" दिनानाथ म्हणाले.

रविवारी सकाळी त्यांनी जॅक लावून चाक काढलं. डिस्कला चिमट्यासारखा धरणारा कॅलिपर सोडवला. त्याच्या आतला लहान वाटीएवढा पिस्टन गंजानं घट्ट बसला होता. त्यांनी तेल सोडून पाहिलं, क्लॅम्पनं रेटून पाहिलं, ठोकूनही पाहिलं. पिस्टन ढिम्म हलेना. मग एकच उपाय उरला. पेडल दाबायचं आणि ब्रेक ऑइलच्या जोरावर पिस्टन बाहेर काढायचा.

उमाबाई स्टिअरिंगमागे बसल्या. दिनानाथ चाकापाशी उकिडवे बसले.

"'दाब' म्हटलं की दाबायचं. 'थांब' म्हटलं की पाय वर."

पिस्टन उसळला तर अडावा म्हणून त्यांनी समोर लाकडाचा ठोकळा ठेवला होता. चारपाचदा दाबल्यावर पिस्टन सूतभर सरकला आणि तिरका होऊन पुन्हा अडकला. कुठल्या बाजूनं अडतोय ते कळेना. दिनानाथांनी ठोकळा काढला, उजव्या हाताची दोन बोटं आत घातली आणि पिस्टनच्या कडेवर टेकवली.

"दाब," ते म्हणाले.

उमाबाईंनी सगळा भार घालून पाय दाबला. पिस्टन एकदम सुटला आणि बोटं कॅलिपरच्या पंजात चिरडली. दिनानाथ ओरडले नाहीत. घशातून नुसता आवाज आला, म्हणून उमाबाई धावत खाली उतरल्या. बोटं तशीच अडकलेली होती.

"दहाचा पाना," ते म्हणाले. "मागचा छोटा नट. डावीकडे फिरव."

उमाबाईंनी नट सैल केला. तेल गळलं, दाब उतरला. मोठा स्क्रूड्रायव्हर घालून त्यांनी पिस्टन मागे रेटला, तेव्हा हात निघाला. तोवर वरच्या मजल्यावरचा हरिचंद्र धावत आला होता. तो त्याच कारखान्यातला.

"काय झालं, गुप्ते?"

दिनानाथांनी हाताकडे पाहिलं. मग ते म्हणाले, "थांब म्हणालो होतो. हिनं दाबलं."

उमाबाई त्यांचा हात पदरात गुंडाळत होत्या. त्यांनी एकदा वर पाहिलं आणि पुन्हा गुंडाळायला लागल्या.

उल्हासनगरच्या डॉक्टरांनी दोन्ही बोटं मधल्या पेरापासून काढली. हरिचंद्रानं सांगितलेली हकिकत कारखान्यात गेली, सोसायटीत गेली, नातेवाइकांत गेली. हळदीकुंकवाला बायका उमाबाईंचं सांत्वन करायच्या, "होतं हो एखाद्याच्या हातून." मुलगी मीनल पुण्याहून आली, तीही आईवरच चिडली. उमाबाई पुन्हा स्टिअरिंगमागे बसल्या नाहीत. वर्षभरात गाडी विकली. दिनानाथ मात्र टूलरूममध्ये शिकवत राहिले. पंजे दाखवायचं तेवढं त्यांनी बंद केलं.

पाच वर्षांनी ते निवृत्त झाले. निरोप समारंभात एका साहेबांनी तीच हकिकत रंगवून सांगितली. "आमच्या वहिनींचा ब्रेक मात्र पक्का!" सगळे हसले. पहिल्या रांगेत बसलेल्या उमाबाईही हसल्या. ते हसू पाहून दिनानाथांना गळ्यातला हार जड झाला.

घरी आल्यावर ते म्हणाले, "उमा, त्या दिवशी मी 'दाब'च म्हणालो होतो."

"माहीत आहे. माझे कान चांगले आहेत."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही बोलाल असं वाटायचं. हॉस्पिटलातून घरी आल्यावर बोलाल, मीनलसमोर तरी बोलाल." त्यांनी हार खुंटीला लावला. "नंतर वाटेनासं झालं."

दुसऱ्या दिवशी दिनानाथ हरिचंद्राकडे गेले आणि सगळं खरं सांगून टाकलं. हरिचंद्रानं त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. "कळतं मला, गुप्ते. वहिनींवरचा बोल तुम्ही आता स्वतःवर घेताय. पण कोणाला पटणार आहे? तुम्ही, आणि ठोकळा काढून बोट घालाल?"

त्यांनी मीनललाही फोन केला. ती म्हणाली, "बाबा, तुम्ही आईला फारच सांभाळून घेता."

उमाबाई पलीकडे तांदूळ निवडत होत्या. फोन ठेवल्यावर मीनल काय म्हणाली ते त्यांनी विचारलं नाही.