वरचा खाली उतरतो

बंदरावर त्याला सगळे 'वरचा' म्हणत. उंच क्रेनच्या केबिनमध्ये बसायचं, पायाखालच्या काचेतून खाली बघायचं आणि जहाजातले कंटेनर उचलून ट्रकवर ठेवायचे, हे त्याचं काम. हात इतका साफ, की कंटेनर टेकला तरी ट्रकवाल्याला पत्ता नसायचा. खाली काही अडलं की लोक हसून म्हणायचे, "आता वरच्यालाच काळजी!" तो वॉकीटॉकीवर म्हणायचा, "झालं समजा." दिवसभरातलं त्याचं बोलणं जवळजवळ तेवढंच.

घरी तर तेवढंही नाही. बायको लेकीच्या बाळंतपणासाठी दुसऱ्या शहरात गेली ती तिकडेच राहिली. भांडण नाही, तंटा नाही. जाताना दारात चपला घालता घालता म्हणाली होती, "तुमचं माझ्यावाचून काही अडत नाही हो. कधी अडलंच नाही." त्याला वाटलं, कौतुक करतेय. बस नजरेआड झाली तरी तो त्याच समजुतीत उभा होता.

सतत खाली वाकून बघून त्याची मान धरली, म्हणून तो मानेचे व्यायाम करून घेणाऱ्या डॉक्टरीणबाईंकडे जाऊ लागला. मान दाबता दाबता त्यांनी विचारलं, "दिवसभरात कुणाशी बोलता की नाही?"

"बोलतो की. वॉकीटॉकीवर."

बाई हसल्या नाहीत. म्हणाल्या, "रविवारी दुपारी इथंच या. आम्ही एक खेळ खेळतो."

रविवारी दवाखान्याची बाकं भिंतीला सारून मधे टेबल मांडलेलं असायचं. डॉक्टरीणबाई गोष्ट सांगायच्या: समोर नदी आहे, पूल मोडलाय, मागून लांडगे येतायत, काय करता? बाकीचे आपापलं पात्र होऊन उत्तर द्यायचे आणि जमलं की फसलं, ते फासे ठरवायचे. कोपऱ्यावरचा बेकरीवाला चोर झाला होता, पण कुत्र्यांना टरकणारा. निवृत्त नर्स असलेल्या मावशी जादूगारीण होत्या. त्यांना ऐन वेळी मंत्र आठवायचा नाही आणि त्या भलताच म्हणून मोकळ्या व्हायच्या.

"तुमच्या पात्रालाही एखादी कमजोरी द्या," बाई म्हणाल्या. "त्यातच गंमत असते."

"कमजोरी कशाला मुद्दाम घ्यायची?" वरच्यानं विचारलं आणि एक तिरंदाज तयार केला. त्याला पोहता येत होतं, कुलपं उघडता येत होती, माग काढता येत होता, जखमा बांधता येत होत्या. फासेही त्याच्यावर मेहेरबान. बाईंचं "समोर दरवाजा आहे" म्हणून होतंय तोच हा म्हणायचा, "झालं समजा."

सुरुवातीला सगळ्यांनी वाहवा केली. मग बेकरीवाला मधेच उठून चहा करू लागला. मावशी स्वेटर विणायला घेऊन येऊ लागल्या.

एका रविवारी तो जरा लवकर पोचला. आत तिघंही पोट धरून हसत होते. "आणि परवा त्या गुहेत मावशींनी..." बेकरीवाला सांगत होता. वरच्याला बघून तो थांबला.

"परवा?" वरच्यानं विचारलं.

मावशींनी सुया खाली ठेवल्या. "खेळलो आम्ही तुझ्याशिवाय. रागावू नकोस, पण तुझ्याबरोबर खेळायचं म्हणजे नुसतं बघत बसायचं रे. आम्ही तुला लागतो कुठं?"

त्या दिवशी तो खेळला कसाबसा. घरी येऊन त्यानं धुतलेल्या कपड्यांना पुन्हा इस्त्री केली. बायको जाताना दारात हेच म्हणाली होती, हे त्याला इस्त्री फिरवताना कळलं आणि तो तसाच खाली बसला.

पुढचा रविवार त्यानं चुकवला. त्यानंतरच्या रविवारी गेला तेव्हा म्हणाला, "मला दुसरं पात्र करायचंय. ह्याला उंचीची भीती वाटते."

बेकरीवाला फिसकन हसला. "क्रेनवाल्याला उंचीची भीती? भारी आहे राव!"

बाईंनी गोष्ट दरीशी आणली. दोरांचा पूल, खाली धुकं. मावशी पार झाल्या, चोर पार झाला. "आणि तुम्ही?"

वरचा फाशांकडे बघत राहिला. "मला नाही जमणार," तो म्हणाला. "पाय उचलत नाहीत. कुणीतरी हात धरा."

"मी येतो मागे," बेकरीवाला म्हणाला आणि त्यानं टेबलावरून खराखुरा हात पुढे केला. बोटांच्या पेरांत पीठ अडकलेलं. वरच्यानं तो हात धरला, आणि सोडायचा असतो हे त्याच्या लक्षातच येईना.

"शिडी चढताना पाय कापतात माझे," तो म्हणाला. "खेळातलं नाही सांगत. बंदरावरच्या शिडीवर. सगळ्यांच्या आधी जातो, कुणी बघू नये म्हणून."

"कधीपासून?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"ती गेल्यापासून."

त्याच आठवड्यात त्यानं मुकादमाला सांगितलं. मुकादम आधी चेष्टा समजला, मग खुर्ची पुढे सरकवून बसला. वरच्याला खाली धक्क्यावर घेतलं, क्रेनला हातानं इशारे द्यायच्या कामावर. केबिनमध्ये नवा माणूस आला, 'वरचा' हे नाव त्याच्याकडे गेलं. ह्याला आता कुणी काहीच म्हणत नाही. जेवणाच्या सुट्टीत तो धक्क्यावरच्या, जहाजं बांधायच्या खुंटाला टेकून बसतो. आजूबाजूला माणसं असतात, पण त्यांच्या गप्पांत कुठून शिरायचं ते त्याला अजून उमगलेलं नाही.

एका संध्याकाळी त्यानं बायकोला फोन केला, सगळं सांगितलं.

ती म्हणाली, "मला का नाही सांगितलंत?"

"सांगता येईना."

"बरं." मागे बाळ रडत होतं. "जेवलात?"

"नाही. एकट्यानं जेवण जात नाही गं."

"बाळ उठलंय, ठेवते मी आता," ती म्हणाली. पण फोन लगेच ठेवला नाही. दोघंही बाळाचं रडणं ऐकत राहिले. मग फोन बंद झाला, आणि तो कांदा चिरायला उठला.