हेल्मेटात मेथी

मी फारशी बोलणारी बाई नव्हे. कारखान्याच्या तपासणी विभागात माझं कामच मुळी गुपचूप वस्तू फोडण्याचं. कन्हान नदीच्या अलीकडे आमचा कारखाना. तिथे मजुरांची पिवळी हेल्मेटं बनतात. प्रत्येक खेपेतली पाच उचलायची, वरून लोखंडी गोळा सोडायचा, टिकली तर खेप पास. त्या खेपेतली पाचही कलिंगडासारखी उकलली. सगळी खेप भरडायला जायला हवी होती.

पण दोन दिवसांवर कंपनीचं समाजकार्य आलं होतं. नदीपलीकडच्या एका गावात बांधकामावरच्या लोकांना हेल्मेटवाटप. मांडव घालून झाला होता, पाहुणे ठरले होते. मॅनेजर म्हणाले, "मॅडम, फुकट द्यायचं आहे. फुकटाच्या मालावर कोण गोळा सोडून पाहते?"

मी सही केली. वाटपाच्या फोटोत मी हसते आहे.

दुसऱ्या दिवसापासून मला जे दिसेल ते डोकं उकललेलं दिसू लागलं. खरं सांगितलं तर नोकरी जाणार. म्हणून दर रविवारी त्या गावात जाऊन मी हेल्मेटाचे दुसरे उपयोग शिकवू लागले. उलटं टांगा, त्यात मेथी लावा. पाखरांना पाणी ठेवा. कोंबडी अंड्यांवर बसवा.

"अन् मंग डोक्याले काय लावू?" एकाने विचारलं.

"दुपट्टा. हवा लागते," मी म्हटलं. तपासणी विभागाची बाई!

गावाने मनावर घेतलं. कुंपणाकुंपणावर कोथिंबीर लोंबू लागली. एका लग्नात मठ्ठा हेल्मेटातून वाढला. मीही दोनदा मागून प्यायले. घरोघरी जाऊन मी कोंबड्या बसल्यात ना, ते बघायची. सगळी हेल्मेटं डोक्यावरून उतरली. एक सोडून. ते एका म्हाताऱ्या मिस्त्रीचं होतं. त्याची बायको म्हणाली, "बुढा घालून जाते न कामाले. रविवारीही घरी नसते."

एवढ्यात हे कंपनीला कळलं. बोलावणं आलं तेव्हा मी राजीनामा लिहूनच गेले. तिथे शाल आणि नारळ! 'उत्पादनाचे कल्पक उपयोग' म्हणून माझा सत्कार झाला. "मॅडमनी आपली कंपनी लोकांच्या चुलीपर्यंत नेली," मॅनेजर म्हणाले आणि टाळ्यांच्या कडकडाटात त्यांनी माझ्या डोक्यावर हेल्मेट चढवलं. कोणत्या खेपेचं, कोण जाणे. फोटो होईस्तोवर मी मान आखडून उभी. राजीनामा पर्समध्येच राहिला.

मागच्या उन्हाळ्यात शहरात, नंदनवन भागातल्या आमच्याच गल्लीत, एक इमारत उठत होती. खाली वाळूजवळ वाटपात पाहिलेला तो म्हातारा मिस्त्री दिसला, डोक्यावर तेच पिवळं हेल्मेट, आणि त्याच्या बरोबर वर दोरीने विटा चढत होत्या. मी घरी पळाले. स्वतः गोळा सोडून पास केलेल्या खेपेतलं एक हेल्मेट घरात होतं, ते आणून मिस्त्रीच्या हातात दिलं.

त्याने ते ठोकून पाहिलं. "लय मजबूत हाय. बुढीची दुसरी कोंबडी बसन यात."

"काका, हे तुम्ही घाला. जुनं कोंबडीला द्या."

"काहून? तुम्हीच त सांगतलं गावाले, चांगलं हेल्मेट डोक्यावर वाया नाही घालवाव."

वर विटांची टोपली डुलत होती. मी म्हटलं, "जुनं फुटतं, काका. मला माहीत होतं. वाटायच्या आधीपासून."

 जुनं हेल्मेट काढून त्याने ओट्यावर ठेवलं आणि हातभर वरून एक वीट सोडली. हेल्मेटाच्या दोन फाका झाल्या. त्याने हळूच स्वतःच्या टाळूवरून हात फिरवला.

"दोन सालांपासून हे घालून राहिलो मी," तो म्हणाला. "अन् तू आमाले मेथी लावाले शिकवून राहिली होती वं बाई."

मग त्याने नवं हेल्मेट माझ्यासमोर ओट्यावर उपडं ठेवलं.

"टाक आता याच्यावर ईट. माह्यासमोर."

मी वाकून वीट उचलली.